तलाव कोणाचा, यावर मासा ठरतो

गूगल मॅपला सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि साकोलीपासून अर्जुनी मोरगावकडे, तिथून वडसा, नागभीड, सिंदेवाहीकडे नुसतं बोट सरकवत जा. जंगल, जंगलाला लागून तलाव, तलावाखाली गाव आणि धानाच्या बांध्या (बांध घातलेली लहान शेतं), की पुन्हा जंगल, पुन्हा तलाव. पुण्यातल्या मैत्रिणींना हे दाखवलं की त्या हमखास म्हणतात, किती नॅचरल लेक्स आहेत गं तुमच्याकडे! आणि मग मला सांगावं लागतं की यातला जवळजवळ एकही तलाव नॅचरल नाही, प्रत्येकाच्या एका अंगाला माणसांनी टोपल्या वाहून घातलेली मातीची पाळ आहे आणि त्यातल्या कितीतरी पाळी दोनशे-तीनशे वर्षं जुन्या आहेत. पटकन विश्वास बसत नाही कोणाचा, कारण आता त्या पाळींवर मोठमोठी झाडं उभी आहेत, पाण्यात कमळं आहेत, हिवाळ्यात लांबून बदकं उतरतात, म्हणजे निसर्ग म्हणून जे जे दाखवायचं ते सगळं तिथे आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून असे साडेसहा-सात हजार तलाव आहेत. सरकारी कागदात माजी मालगुजारी तलाव, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांकडे पूर्वी असलेले, बोलताना मामा तलाव. माझं माहेर साकोली तालुक्यातलं, आणि निसर्ग तिकडे जंगलात आणि माणूस इकडे गावात अशी जी वाटणी शाळेत शिकलो ती आमच्या गावात मला कधी लागूच पडली नाही. आमच्याकडे तलावाने गाव घडवलं आणि गावाने तलाव, आणि हे बोलायला छान वाटतं म्हणून म्हणत नाहीये, याचे अगदी हिशेबाचे पुरावे आहेत. त्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा पुरावा म्हणजे तलावाची मालकी बदलली तेव्हा पाण्यातले मासे बदलले. तिकडे येतेच, पण आधी पाणी.

आमच्याकडे पाऊस कमी नाही. साधारण १२०० ते १४०० मिलिमीटर, म्हणजे मराठवाड्याच्या दीडपटीहून जास्त. पण तो सगळा चार महिन्यांत कोसळतो आणि वैनगंगेकडे धावत सुटतो. जमीन उतरती, बऱ्याच ठिकाणी माती पातळ आणि खाली खडक, त्यामुळे मुरून राहील असंही नाही. जुनी माणसं जमिनीची नावं घेतात ना, कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बरडी, ती नावं म्हणजे कुठली जमीन किती पाणी धरते याचा अभ्यासच आहे एक प्रकारचा. आणि या सगळ्यात पीक कोणतं, तर धान, ज्याला पाय पाण्यात लागतात. जुलैमध्ये रोवणी होते, ऑगस्ट बरा जातो, आणि नेमका सप्टेंबरच्या शेवटी धान निसवायला आला की पाऊस दडी मारतो. ते शेवटचं एक पाणी मिळालं तर पोती भरतात, नाही मिळालं तर लोंब्या पोचट. आमच्या भागातला अख्खा इतिहास त्या एका पाण्याभोवती फिरतो असं मी म्हणेन, आणि तलाव बांधले गेले तेही त्या एका पाण्यासाठी.

हे तलाव बांधण्यात सगळ्यात पुढे होते ते कोहळी समाजाचे शेतकरी. चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा, गोंड राजा काशीयात्रेहून परतताना त्यांना सोबत घेऊन आला अशी कथा सांगतात. गोंड राजांचं धोरण असं होतं की जो जंगल तोडून गाव वसवेल, तलाव बांधेल, त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन. विचार करा, किती साधी गोष्ट आहे, पण यात राजाला तिजोरीतून काही काढावं लागत नाही आणि बांधणाऱ्याला तलाव नीट बांधण्यावाचून गत्यंतर नाही, कारण पाळ फुटली की इनामही वाहून गेलं. कोहळ्यांना धानाबरोबर ऊसही करायचा असे, त्यांच्या गुळाचं नाव होतं, आणि उसाला तर वर्षभर पाणी हवं, म्हणून त्यांचे तलाव खोल आणि मोठे. नवेगावबांध, शिवनीबांध, सिरेगावबांध ही त्यातली मोठी नावं. नवेगावबांध कोलू पाटील नावाच्या कोहळ्याने बांधला असं सांगतात, आणि मेल्यावर तो तिथला देव झाला, कोलासूर. तलावाभोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात आणि त्यांनीच पाळ घालायला मदत केली असं गावातले लोक आजही सांगतात. तलाव बांधणाऱ्याला देव करणारी आणि डोंगरांना मदतनीस मानणारी ही गोष्ट मला फार आवडते, कारण बांधकामाचं खरं तंत्र तिच्यात आहेच की! दोन टेकड्यांमधली अरुंद खिंड शोधायची, तिथे कमीत कमी माती घालून पाळ बांधायची आणि बाकीच्या बाजूंना डोंगरालाच पाणी धरू द्यायचं.

ना लेव्हल होती ना नकाशा. पावसाळ्यात पाणी कुठून येतं, कुठे रेंगाळतं, कुठे जोर धरतं हे बघून जागा ठरायची. जास्तीचं पाणी जायला जी वाट ठेवतात ती सलंग, ती पाळीपासून दूर, टणक जमिनीवर, म्हणजे वाहत्या पाण्याने पाळ कापली जाऊ नये. शेतीला पाणी सोडायची मोरी म्हणजे तुडूम. आणि वरच्या तलावाची सलंग वाहिली की ते पाणी खालच्या तलावात, तिथून बोडीत, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यात, तिथून बांध्यांमधून पुन्हा पुढच्या गावाच्या तलावात. म्हणजे एक गाव वरच्याने सोडलेल्या पाण्यावर जगतं आणि खालच्यासाठी सोडतं. त्यामुळे भांडणंही ठरलेली, समेटही ठरलेला, आणि सोयरिकी तर बऱ्याच त्याच ओळीत.

धानाच्या जातीसुद्धा तलावाने ठरवल्या. वरच्या, लवकर सुकणाऱ्या बांध्यांत हलका धान, जो दिवाळीच्या आत हाती येतो. तलावाखालच्या खोलगट बांध्यांत भारी धान, जो उशिरापर्यंत पाण्यात उभा राहतो. दुबराज, लुचई, हिरानक्खी, चिन्नोर, अशी कितीतरी नावं आजी बोटांवर मोजायची. धान कापायच्या आधी ओल्या बांधीतच लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, फेकायची, नांगरट नाही, पाणी नाही, उरलेल्या ओलीवर ती येते. आणि मग धान विकून पैसा हातात आला की मंडई. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पाहुणे येतात, रात्री दंडार हे लोकनाट्य नाहीतर नाटक. झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या या भागाची, रंगभूमी आज वडशातून चालते, दिवाळी ते होळीपर्यंत रात्र-रात्र प्रयोग होतात, हजारो लोक मोकळ्या शेतात बसून बघतात, त्याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या नाटकाचं वेळापत्रक कोणी ठरवलं असेल? धानाने. धानाचं कोणी ठरवलं? पाण्याने. नाटक जिथे होतं ती जागासुद्धा धान कापून मोकळी झालेली बांधीच असते.

आता मासे.

आमच्या तलावात मरळ, शिंगी, मांगूर, झिंगे आणि बारकी चंदेरी मासळी कितीतरी प्रकारची. यांना कोणी तलावात आणून सोडलेलं नव्हतं. पहिला मोठा पाऊस झाला की पाणी वाहायला लागतं आणि मासा उलटा चढतो, नाल्यातून सलंगीत, सलंगीतून तलावात, तलावातून थेट धानाच्या बांध्यांत. बांधीतलं पाणी गुडघ्याएवढंही नसतं, उन्हाने कोमट, किड्यांनी भरलेलं, पिल्लं खाणारे मोठे मासे तिथे फारसे येत नाहीत. अंडी घालायला यापेक्षा चांगली जागा कुठली? म्हणजे शेतकरी ज्याला शेत म्हणतो ते माशाचं पाळणाघर होतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात बांधीतलं पाणी उतरायला लागलं की बोटभर झालेली पिल्लं पाण्यासोबत परत नाल्यात, खालच्या तलावात.

मरळीची पिल्लं मी लहानपणी पाळीवर उकिडवं बसून तासन्‌तास बघितली आहेत. पाण्याच्या वरच्या थरात शेंदरी रंगाचा एक थवा, ताटाएवढा, सतत हलणारा, पिल्लं श्वास घ्यायला वर येतात त्यामुळे पाण्यावर बारीक बारीक टिपके उठत राहतात, आणि त्या थव्याच्या बरोबर खाली, हातभर खोल, दोन काळ्या सावल्या स्थिर. आई आणि बाप. जवळ काडी नेली तर बाप उसळी मारून येतो. हा थवा कुठे असतो, तर काठाच्या उथळ पाण्यात, जिथे पाणवनस्पती दाट आहेत. गढूळ, उघड्या, खोल पाण्यात मरळ घर करत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मासे धरणारे ढीवर. तलावाच्या कडेला त्यांचा मोहल्ला, त्यांचं जाळं, शिंगाड्याची वेल लावायचं काम त्यांचंच, कमळकंदही तेच काढणार. काठावर देवधान आपोआप उगवतं, न नांगरलेलं, न पेरलेलं, ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं म्हणून आजी ढीवर मोहल्ल्यातून तेच मागवायची. पाणी कोणाला किती, मासा कोणाचा, गुरं कुठे पाजायची, गाळ कोणी कधी काढून शेतात टाकायचा, या सगळ्याचा रिवाज होता आणि इंग्रजांच्या बंदोबस्तात त्यातला बराचसा कागदावरही आला. निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांचा कागद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या वहिवाटींची नोंद), दोन्ही कागद आजही तहसीलमध्ये सापडतात, दुसऱ्यात तर पाण्याच्या आणि मासेमारीच्या वहिवाटीची नोंद असते. मी आमच्या गावाचा बघितला आहे. जीर्ण झालेल्या कागदावर आपल्या तलावाचं नाव आणि त्याखाली कोणाचा काय हक्क हे वाचताना अंगावर काटा आला होता.

पण इथे मला स्पष्ट सांगायचं आहे की तो काही सोन्याचा काळ नव्हता. नागपूरचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि त्यानंतरच्या बंदोबस्तांत मालगुजार हा सारा गोळा करणारा माणूस गावाचा मालक बनला. पाळीवर माती टाकायला दरवर्षी अख्खं गाव जायचं असं आपण अभिमानाने सांगतो, पण त्यात राजीखुशीचं किती आणि वेठबिगारीचं किती हे विचारायला हवं. चांगला मासा आधी वाड्यावर जायचा. ढीवराच्या हातचं पाणी चालायचं, पण तो पंगतीत शेजारी चालायचा नाही. तलाव टिकले ते प्रेमाने टिकले असं लिहिणाऱ्यांशी मी सहमत नाही. ते टिकले कारण प्रत्येकाचं पोट त्यात अडकलेलं होतं, वरच्याचंही आणि खालच्याचंही, आणि पाळ फुटली तर सगळेच बुडणार होते.

मग कायदा आला. मालकी हक्क रद्द करणारा मध्य प्रदेशचा १९५० चा कायदा, अंमल १९५१ पासून, तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो आणि नागपूर राजधानी होती. मालगुजारी गेली हे चांगलंच झालं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मालगुजाराकडून तलाव जो निघाला तो गावाकडे आला नाही, सरकारकडे गेला. आधी मध्य प्रदेश, १९५६ मध्ये मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र, मग १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, लहान तलाव त्यांच्याकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. दहा-बारा वर्षांत इतक्या दारांतून गेलेल्या तलावाची पाळ बघायला कोण येणार होतं? निस्तारात हक्काचं धरलेलं पाणी होतं, त्यावर पाणीपट्टी आली, लोक म्हणाले आमच्याच बापजाद्यांनी घातलेल्या पाळीचं पाणी आम्ही विकत का घ्यायचं, आणि खातं म्हणालं वसुली नाही तर दुरुस्ती नाही. दोघांच्या मध्ये पाळीला उंदीर-घुशींनी भोकं पाडली. उन्हाळ्यात गाळ काढून बैलगाडीने शेतात नेण्याची रीत थांबली, एक तर युरियाची पोती आली होती, आणि दुसरं म्हणजे सरकारी तलावातली माती उचलायला आता परवानगी लागणार होती.

मासे बदलायला सुरुवात झाली ती इथून. १० जुलै १९५७ ला ओडिशात हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन माशांकडून अंडी घालून घेण्याचा प्रयोग यशस्वी केला, आज तो दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. मोठं काम होतं ते, देशाचं मत्स्योत्पादन त्याने बदललं. रोहू, कतला, मृगळ हे मूळचे नदीतले मासे, साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत, पण आता त्यांचं बीज हवं तेवढं तयार करता येऊ लागलं. इकडे तलाव सरकारचे झालेले, ठरावीक वर्षांच्या लीजवर मच्छीमार सोसायट्यांना मिळू लागलेले. लीज मुदतीची, रक्कम दरवर्षी भरायची, मग सोसायटी काय करणार? लवकर वाढणारा, वजनाला भरणारा, बाजारात एका साइजचा विकला जाणारा मासा टाकणार. पुढे गवत्या, म्हणजे ग्रास कार्पही आला, तो पाणवनस्पती खातो. काठाची वनस्पती विरळ झाली, काही ठिकाणी तर साफ झाली. ती गेली तसा मरळीचा थवा गेला, झिंगे गेले, बारकी मासळी गेली. आणि ही बारकी मासळीच ढीवरांच्या बायका टोपलीत घेऊन गावोगाव विकायच्या, मोठा मासा पुरुषांच्या सोसायटीचा आणि व्यापाऱ्याच्या काट्यावरचा. म्हणजे तलावातली एक जात कमी झाली की घरातल्या कोणाच्या हातातला पैसा कमी होतो हेसुद्धा ठरलेलं आहे.

आमच्या ढीवर मोहल्ल्यातले एक म्हातारे काका आहेत, त्यांनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं. म्हणाले, "पोरी, आमच्या येळेस बीज इकत घ्याव लागत नोहतं, पानी आलं का मासोरी आपोआप चढे. आता पैसे टाकल्याबिगर मासोरी नाही." मी बरीच वर्षं या विषयावर वाचते आहे, पण इतकं नेमकं मला कुठे मिळालं नाही. पूर्वी पाऊस मासे आणायचा, आता कर्ज काढून आणावे लागतात.

त्यात बेशरम. दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झुडूप, जांभळट गुलाबी फुलं येतात, गुरं तोंड लावत नाहीत, कापलं तरी तुकड्यातून फुटतं. ज्या काठांवर माणसाचा वावर कमी झाला तिथे ते पसरलं. पूर्वी त्या काठांवर देवधान कापायला, गुरं पाजायला, गाळ उचलायला, शिंगाडे काढायला रोज कोणी ना कोणी उतरत होतं. निसर्गात माणसाचा हात लागला नाही की तो छान राहतो असं ज्यांना वाटतं त्यांना मी एखाद्या सोडून दिलेल्या मामा तलावाच्या काठावर घेऊन जाईन.

आणि मग जेसीबी आला. मागच्या दहा-बारा वर्षांत जलयुक्त शिवार, गाळमुक्त धरण अशा योजनांतून बऱ्याच तलावांचं खोलीकरण झालं. पैसा आला, लक्ष गेलं, हे चांगलंच. पण मशीनला तलाव दिसत नाही, घनमीटर दिसतात. जिथे उतरायला सोपं तिथे खोल खड्डा, काठ सरळ उभा कापलेला, उथळ भाग गायब. उथळ भाग म्हणजे वाया गेलेली जागा असं एस्टिमेट करणाऱ्याला वाटतं, आणि मरळ, देवधान, पाणकोंबड्या, सगळ्यांचा संसार त्या दोन-अडीच फूट पाण्यातच असतो. शिवाय तळाशी शेकडो वर्षांत बसलेला चिकणमातीचा थर असतो, तो फोडला की तलाव झिरपायला लागतो. बैलगाडीच्या काळात लोक वरचा मऊ गाळ तेवढा खरवडायचे, खालच्या थराला कोणी हात लावत नव्हतं.

याच्या उलटही काम सुरू आहे आणि ते बघून मला खरोखर बळ येतं. भंडारा-गोंदियात काही ढीवर सोसायट्या आणि बायकांचे गट तलावांत पुन्हा देशी पाणवनस्पती लावतायत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी बेशरम मुळासकट उपटायचं, मग उघड्या पडलेल्या तळाला नांगर फिरवायचा, आणि पाऊस पडून पाणी चढायला लागलं की दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेली वनस्पती चिखलात रोवायची. मी एकदा त्यांच्याबरोबर उतरले होते. ओळीने वाकून, मागे सरकत, मुठीतली चार-चार रोपं चिखलात अंगठ्याने दाबत, अगदी धानाची रोवणी करतात तसंच. हातांना माहीत असलेलंच काम, फक्त पीक वेगळं. कुठली वनस्पती किती पाण्यात लावायची, कुठल्या झुडपात कुठला मासा अंडी घालतो, हे त्या बायका एकमेकींना सांगत होत्या आणि बरोबर आलेला शिकलेला मुलगा वहीत लिहून घेत होता. जिथे हे झालं तिथे बारकी मासळी परत दिसू लागली आहे. गवत्या टाकायचा नाही असं काही सोसायट्यांनी ठरवलं आहे, हा निर्णय घेताना त्यांनी हातातलं उत्पन्न सोडलं आहे हे विसरू नये.

सारसाचं सांगितल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. महाराष्ट्रात सारस आता जवळपास फक्त गोंदिया आणि त्याच्या आसपास उरलेत, दरवर्षी मोजणी होते आणि आकडा चाळिशीच्या आत असतो. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वात उंच पक्षी, माणसाच्या खांद्याला लागेल असा, आणि तो घरटं कुठे करतो, तर धानाच्या बांधीत. पाण्यात उभ्या धानातच काड्यांचा ढीग रचतो, बहुतेक दोनच अंडी. शेतकऱ्याचं तेवढ्या जागेतलं पीक जातं, आणि तरी कितीतरी शेतकरी ती जागा तशीच सोडतात, पिल्लं निघेपर्यंत तिकडे फवारा मारत नाहीत. सारस तलावाच्या काठावर कंद उकरतो, बांधीत किडे टिपतो, रात्री उथळ पाण्यात उभा राहतो. म्हणजे त्याचं सगळं आयुष्य माणसांनी पाळ घालून तयार केलेल्या जमिनीवर. त्याला जंगलाचं कुंपण घालून वाचवता येणार नाही. नवेगावला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, वाघांसाठी ते हवंच होतं. पण सारसाला हवा आहे धान लावणारा शेतकरी, तोही विषारी फवारे न मारणारा, आणि उथळ काठ जपणारा ढीवर. विद्युत तारांना धडकून सारस मरतात, तो वेगळाच प्रश्न आहे, त्यावर कोर्टात बरंच झालं.

मला विचाराल तर सगळं अडतं ते हक्कापाशी. ज्याला पाच वर्षांनी तलाव आपल्याकडे असेल की नाही माहीत नाही त्याने वीस वर्षांनी फळ देणारी वनस्पती का लावावी? २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यातल्या माशांवरच्या आणि इतर वस्तूंवरच्या सामूहिक हक्काचा सरळ उल्लेख आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, नंतर आमच्या भागातल्याही बऱ्याच गावांना मिळाला, आणि त्यांच्या हद्दीत तलाव आहेत. पण चर्चा होते ती बांबूची आणि तेंदूपत्त्याची. तलावाचं नाव दाव्यात घातलेलंच नाही अशी गावं मला माहीत आहेत. आणि महसुली जमिनीवरच्या तलावांचं काय, तिथे तर लीजच चालू आहे.

आमच्या गावात सध्या जो वाद चालू आहे तो असा. शेतकऱ्यांना उन्हाळी धान करायचा आहे, त्यासाठी तुडूम मार्च-एप्रिलपर्यंत उघडं हवं. तसं केलं की मे महिन्यात तलावात डबकं उरतं आणि पुढच्या पावसात अंडी घालणारी मोठी मासळी त्यात मरते. ढीवरांच्या बायकांचं म्हणणं आहे की तलावात एका पातळीवर खूण करा, पाणी त्या खुणेला लागलं की तुडूम बंद, मग कोणीही येऊ दे. शेतकऱ्यांच्या बाजूने सगळ्यात मोठ्याने बोलतो तो माझा सख्खा काका आणि त्याचं म्हणणं खोटं नाही, उन्हाळी धान हेच त्याच्या घरचं कर्ज फेडणारं पीक आहे. मी काकाला म्हटलं की तुझ्या चार एकरांऐवजी अडीच एकर भिजेल एवढं पाणी सोडू, उरलेल्यात हरभरा-लाखोळी घे, आणि त्या बदल्यात गाळ आधी तुझ्या बांधीत टाकायचं सोसायटीकडून लिहून घेऊ. तो अजून हो म्हणालेला नाही. बायकांनी ठराव लिहून ठेवला आहे, खूण कुठे करायची ती जागाही दाखवली आहे, आणि पुढच्या ग्रामसभेला मी रजा टाकून जाणार आहे, तहसीलमधून काढलेली वाजिब-उल-अर्जची नक्कल घेऊन.